बियांचं पाकीट, बांबूचं वय

पावसाळ्याच्या तोंडावर या सदराला गुलाबाची नाहीतर कढीपत्त्याची पत्रं येतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव. यंदा बांबूने घात केला. मागे एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले की बांबू बियांपासूनही होतो, फक्त बी मिळायला नशीब लागतं. त्या एका वाक्यापायी पत्रांचा गठ्ठा आला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. सहा पत्रं निवडली आहेत, आणि त्यातलं पहिलं माझ्या जुन्या जखमेवर बोट ठेवणारं आहे, म्हणून त्याला जागा जास्त गेली तर संपादकांनी रागावू नये.

*

ताई, मुलीच्या हट्टाखातर ‘जायंट बांबू, १०० बिया’ असं पाकीट ऑनलाइन मागवलं. किंमत २४९ रुपये. पाकिटावर निळ्याशार बांबूचा फोटो आहे. गच्चीत कोकोपीटमध्ये पेरलं, रोज पाणी घातलं. पंचवीस दिवसांत गवतासारख्या चार काड्या वर आल्या आहेत. हा बांबूच आहे का? आमचं काय चुकलं?
एक वाचक, कोथरूड

आधी निळ्या रंगाचं. काही जातींच्या कोवळ्या बांबूवर पांढुरकी भुकटी असते, पिकल्या द्राक्षावर असते तशी. सकाळच्या तिरप्या उन्हात ती निळसर दिसते, बोट फिरवलं की निघून जाते. पण शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा निळा बांबू फक्त संगणकावर उगवतो. पाकिटावरचं चित्र खोटं असेल तर आतला माल खरा असेल असं मानायला मी तरी तयार नाही.

आता नाव. ‘जायंट बांबू’ ही जात नाही, ते नुसतं विशेषण आहे. आमच्यात कुणी ‘मोठा आंबा’ मागितला तर दुकानदार विचारेल ना, कोणता म्हणून? खऱ्या अर्थाने राक्षसी म्हणावा असा उष्ण प्रदेशातला बांबू म्हणजे डेंड्रोकॅलॅमस जायगँटिअस. म्यानमार आणि त्याच्या आसपासच्या मुलखातला. उंची तीस मीटरपर्यंत, म्हणजे तुमच्या कोथरूडच्या नऊ-दहा मजली इमारतीएवढी, आणि जाडी अशी की एका माणसाच्या दोन हातांच्या ओंजळीत मावत नाही. श्रीलंकेत पेराडेनियाच्या वनस्पती उद्यानात महावेली नदीच्या काठाने त्याची बेटं, म्हणजे काठ्यांचे दाट झुबके, आहेत. कधी गेलात तर बघा. खाली उभं राहिलं की मान दुखते. त्याच घराण्यातला दुसरा थोर म्हणजे डेंड्रोकॅलॅमस ॲस्पर, ज्याचे कोंब थायलंडमध्ये भाजीला लावतात. हे दोघंही बेट करून वाढणारे, ऊब आणि पाणी मागणारे.

पण पाकिटात बहुतेक वेळा या दोघांपैकी कुणीच नसतं. जगभर ‘जायंट’ म्हणून ज्याचं बी सर्रास विकलं जातं तो चीनचा मोसो, फायलोस्टॅकिस एड्युलिस. तोही मोठा होतो, पण थंडीच्या देशात. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तो कुढत राहतो. शिवाय त्याचे कंद हरळीसारखे जमिनीखालून लांब पळतात, त्यामुळे तो जगला तर शेजाऱ्यांशी भांडण ठरलेलं. (सोसायटीवाल्यांच्या पत्राकडे पुढे येतेच आहे.)

तुमच्या चार काड्या बांबूच्या आहेत की गवताच्या, हे घरबसल्या कळेल. तसा बांबू म्हणजे गवतच, तांदूळ-गव्हाच्या कुळातलं. पण एक फरक भिंगाशिवाय दिसतो. साध्या गवताचं पातं खोडाला गुंडाळलेल्या नळीतून थेट निघतं. बांबूच्या पात्याला नळीपाशी एक बारीकसा, आखूड देठ असतो. पातं तिथे एकदम चिमटल्यासारखं अरुंद होतं. तिसरं-चौथं पान आलं की पाहा. देठ असेल तर बांबू. नसेल तर ते तुमच्या कोकोपीटबरोबर आलेलं फुकटचं गवत, मुलीला सांगा आणि उपटून टाका. दुसरी खूण महिन्याभराने: बांबूच्या रोपाच्या बुडाशी दुसरा कोंब येतो आणि तो पहिल्यापेक्षा जाड असतो. तिसरा त्याहून जाड. हे नीट समजून घ्या, कारण बांबूचं सगळं गणित यात आहे. आंब्याचं खोड दरवर्षी थोडं जाड होतं. बांबूची काठी जमिनीतून वर येताना जेवढी जाड असते तेवढीच जन्मभर राहते. जाडी वाढते ती पुढच्या पिढीत. म्हणून महाकाय बांबूचं रोपसुद्धा पहिल्या वर्षी दाभणासारखं, दुसऱ्या वर्षी पेन्सिलीसारखं. पूर्ण जाडीचे कोंब यायला बियांपासून आठ-दहा वर्षं तरी धरून चाला.

तुमचं काय चुकलं? बहुधा काहीच नाही. चूक पाकीट भरणाऱ्याची आहे, आणि ती चूक मी स्वतः केलेली आहे.

धायरीला माझी रोपवाटिका होती तेव्हाची गोष्ट. एका ओळखीच्या माणसाने ईशान्येकडून ‘महाबांबू’ म्हणून तीनशे दाणे आणून दिले. महिना मार्च. मी काय केलं? पुण्याच्या कुठल्याही शहाण्या माळीणबाईने केलं असतं तेच. मृगात पेरू म्हणून दाणे एका डब्यात भरले आणि डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला, गॅसच्या बरोब्बर वर. ज्वारी-बाजरीचं बी असं राहतं, भोपळ्याचं राहतं. बांबूचं राहत नाही. घरातल्या उन्हाळी तापमानात एक-दोन महिन्यांतच त्याचा दम सुटायला लागतो, आणि चार-सहा महिन्यांनी हातात राहते ती नुसती तूस. ठेवायचंच असेल तर नीट वाळवून, हवाबंद बरणीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट, फ्रीजमध्ये. मी जूनमध्ये पेरलं. तीनशेपैकी नऊ उगवले. त्यातले दोन पांढरेफटक, हिरव्याचा लवलेश नाही. बांबूच्या बियांत असे पांढरे जीव बरेच निघतात. दाण्यातली शिदोरी संपली की मरतात, काही उपाय नाही. दोन उंदरांनी खाल्ले. उरले पाच. ते धाकट्या भावाच्या पौडच्या शेतात ओढ्याकाठी लावले आणि सात वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने ‘जायगँटिअस’ म्हणून दाखवले.

त्या पाच बेटांचं पुढे काय झालं ते तिसऱ्या उत्तरात. तुम्हाला इतकंच सांगते: बांबूची बहुतेक थोर मंडळी कित्येक दशकांतून एकदा फुलतात, बी धरतात आणि मरतात. त्यामुळे ज्याच्याकडे अशा जातीचं बी वर्षाचे बारा महिने एकाच भावात मिळतं, त्याच्याकडे ते बी नाही. विकणाऱ्याला चार प्रश्न विचारा. जात कोणती, बेट कुठे फुललं होतं, बी कुठल्या महिन्यात गोळा केलं, आणि तेव्हापासून ते कुठे ठेवलं होतं. तो गप्प बसला तर २४९ रुपयांची मिसळ खा.

*

मावसभावाने गडचिरोलीहून मानवेलीचं मूठभर बी आणून दिलंय, याच उन्हाळ्यातलं. तुमचा नशिबाचा मुद्दा वाचला, म्हणून ते वाया घालवायचं नाही. महाकाय बांबूसाठीही हीच पद्धत चालते का?
एक वाचक, भूगाव

चालते. आणि मी तर म्हणेन, महाकाय बांबूचं बी हाती लागण्याआधी प्रत्येकाने मानवेलीवर हात बसवून घ्यावा. मानवेल, म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, त्याच घराण्यातली धाकटी बहीण. ती सगळी एकदम फुलते तसंच अधूनमधून एखादं बेट एकटंही फुलतं, त्यामुळे तिचं बी शोधणाऱ्याला मिळून जातं. किलोभर बियांत तीस हजारांच्या आसपास दाणे. तुमच्या मुठीत हजारभर तरी असतील.

आजच बसा. दाणे तळहातावर चोळा, तूस सुटू द्या, आणि सुपात पाखडा. सूप बांबूचंच असावं असा माझा आग्रह आहे. त्याला कारण विचारू नका. भरीव दाणा लहान गव्हासारखा दिसतो आणि नखाखाली दबत नाही. रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी जे तरंगतात ते फेकायची घाई करू नका, तुसात हवा अडकलेली असते. बोटांनी बुडवून अजून काही तास द्या, मग तरंगेल तो पोकळ.

पसरट ट्रे, खाली भोकं. गाळलेली माती, वाळू आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत समसमान. ताजं शेण घातलंत तर बुरशी आणि हुमणी दोघांना आमंत्रण. दाणा स्वतःच्या जाडीइतकाच खोल, वर चिमूटभर वाळू. भूगावला आत्ता कडक ऊन असेल, म्हणून अर्ध्या सावलीची हिरवी जाळी. पाणी बारीक भोकांच्या झारीने, सकाळी एकदा आणि उन्हाचा तडाखा असेल तर संध्याकाळी शिंतोडा. चिखल करायचा नाही. आठवड्याभरात पहिल्या सुया दिसतात, तीन आठवड्यांत जे यायचं ते येऊन जातं.

शत्रू तीन. पहिल्या मुंग्या. माझ्या आजीच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे, तशी ट्रेखाली चार विटा आणि विटांखाली पाण्याच्या परातीची व्यवस्था करा. दुसरे उंदीर आणि चिमण्या, त्यांना बारीक तारेची जाळी. तिसरी मर. रोप सकाळी ताठ आणि दुपारी बुडाशी कातरल्यासारखं आडवं, हे दिसलं की पाणी लगेच कमी करा आणि वारा खेळू द्या. मर आली की लोक जास्त पाणी घालतात, कारण रोप ‘सुकल्यासारखं’ दिसतं. तिथेच सगळं संपतं.

तीन-चार पानांवर पिशवीत हलवा. मग मजा पाहा. पहिल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रोपाला पाच-सहा कोंब होतात, बुडाशी आल्याच्या तुकड्यासारखा छोटा कंद बसतो. पुढच्या पावसाच्या सुरुवातीला ते रोप पिशवीतून काढा, माती झटका, आणि धारदार चाकूने असे भाग करा की प्रत्येक भागाला थोडा कंद, थोडी मुळं आणि एक तरी हिरवा कोंब राहील. एकाची तीन-चार रोपं. दुर्मीळ जातीचं बी हाताला लागलं, दहाच दाणे उगवले, तरी घाबरायचं नाही ते यामुळेच. एक ट्रे वेगळा ठेवा आणि त्यातली सगळ्यात जोमदार रोपंच विभागा. बियांतली भावंडं सारखी नसतात, काही जन्मजात रडकी असतात.

शेतात लावायचं ते दुसऱ्या पावसाळ्यात, दोन फुटी खड्ड्यात. मानवेलीला चार-पाच मीटरचं अंतर पुरे. महाकाय असेल तर आठ-दहा मीटर सोडा आणि जागा ओढ्याकाठची, गाळाची निवडा. मात्र पाणी साठून राहणारी काळी जमीन नको, तिथे कंद सडतो. मानवेल मुरमाड माळावरही तग धरते. जायगँटिअस पुण्याच्या पूर्वेला, सासवड-बारामतीच्या कोरड्या बाजूला, उन्हाळी पाण्याशिवाय लावू नका. मुळशी, वेल्हे, भोर या पावसाच्या पट्ट्यात लावलात तरी पहिली तीन वर्षं होळीपासून मृगापर्यंत पाणी द्यावंच लागेल.

*

सहा वर्षांपूर्वी मुळशीत चाळीस रोपं ‘जायगँटिअस’ म्हणून विकत घेतली. आता बांबू मनगटाहून जाड झालेत. सोबत पानांचे फोटो पाठवतो आहे. हा तोच आहे का?
एक वाचक, बाणेर

पानांचे फोटो पाहिले. छान आले आहेत. त्यांचा उपयोग शून्य.

माझ्या पाच बेटांकडे वळते. सातव्या वर्षी वनस्पतिशास्त्रातले एक निवृत्त गृहस्थ पौडला जेवायला आले. मी त्यांना मोठ्या कौतुकाने ओढ्याकाठी नेलं. त्यांनी वर पाहिलंच नाही. वाकले, बुडाशी पडलेलं एक तपकिरी, कडक साल उचललं, खिशातून भिंग काढलं आणि म्हणाले, “बाई, हा हॅमिल्टनी. चांगला आहे, पण तुमचा राक्षस नाही.” हॅमिल्टनी म्हणजे डेंड्रोकॅलॅमस हॅमिल्टनी, जायगँटिअसच्याच घराण्यातला. त्या दिवशीचं वरण मला अळणी लागलं.

ते साल म्हणजे कोंबावरची खोळ. जमिनीतून कोंब येतो तेव्हा प्रत्येक पेरावर, म्हणजे गाठीवर, एक खोळ त्याला गुंडाळून असते, कांडं वाढलं की ती गळते. बांबूला फूल दशकानुदशकं येत नाही, त्यामुळे इतर झाडांसारखी फुलावरून ओळख पटवता येत नाही. बांबूचा आधार कार्ड म्हणजे ही खोळ. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नव्या काठीची, जमिनीपासून पाचव्या-सहाव्या पेरावरची खोळ काढा. फाटू देऊ नका. दोन वर्तमानपत्रांत दाबून वाळवा. तिच्यात तीन गोष्टी पाहायच्या. वरच्या टोकाला जे छोटं पातं असतं ते ताठ उभं आहे की बाहेर उलटं दुमडलंय. ते पातं आणि खोळ जिथे मिळतात तिथे आतल्या अंगाला जी पट्टी असते, जिभली, ती किती उंच आणि तिचा काठ सरळ की दातेरी. आणि दोन्ही खांद्यांवर कानासारखे कोपरे आहेत का.

जायगँटिअसमध्ये पातं बाहेर उलटलेलं, जिभली चांगली उंच आणि करवतीसारखी दातेरी, कान छोटे आणि चुरगळलेले. माझ्या हॅमिल्टनीत जिभली आखूड, काठ सरळ, आणि कानांचा पत्ता नाही. मुळात मला खोळ काढायचीही गरज नव्हती. हॅमिल्टनीच्या काठ्या वाकड्या, शेंडे पाण्यात केस सोडल्यासारखे लोंबलेले. जायगँटिअस सरळसोट जातो आणि खालचा बराचसा भाग फांद्यांविना मोकळा असतो. डोळ्यांसमोर होतं, पण मला जे हवं होतं तेच मी पाहत होते.

तुमच्या मुळशीतल्या बांबूबद्दल आणखी काही शक्यता. खालच्या कांड्यांवर हात फिरवा. मखमलीसारखी सोनेरी-तपकिरी लव लागली आणि बुडाच्या पेरांवर मुळांचे खरबरीत कडे दिसले तर ॲस्पर. पेरं फुगीर, पेराच्या वर पांढुरकं वलय, कापल्यावर भिंत जाड आणि पोकळी लहान, खालच्या फांद्या पानं नसलेल्या आणि टोचणाऱ्या असतील तर बांबुसा बाल्कोआ. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना गेल्या काही वर्षांत तो भरपूर विकला गेलाय, त्यामुळे माझा पहिला संशय त्याच्यावर. खरेखुरे काटे, दोन-दोन तीन-तीन, आणि बुडाशी आत हात घालता येणार नाही अशी जाळी असेल तर तो आपला कळक, कुणी त्याला काटस म्हणतं. आणि कांड्याच्या एका बाजूला, फांदीच्या वर, बोटाने चेपल्यासारखी पन्हळ असेल, पेरावर दोनच फांद्या असतील, तर मोसोच्या घराण्यातला. मुळशीत तो निघणार नाही, पण विकणाऱ्यांच्या कल्पकतेवर माझा विश्वास आहे.

स्थानिक नावांवर जाऊ नका. एक घाट ओलांडला की ‘मेस’ म्हणजे वेगळा बांबू आणि ‘चिवा’ म्हणजे वेगळा. बुरूड आळीतल्या एका आजोबांना मी एकदा जात विचारली. त्यांनी काठी आडवी धरली, एक सुरीचा घाव घातला, पट्टी ओढून पाहिली आणि म्हणाले, “सुपाचा नाही, शिडीचा.” त्यांच्या कामाला तेवढी ओळख पुरेशी. तुमच्या कामाला पुरेशी नसेल तर वाळवलेली खोळ, एक पानांची फांदी आणि कांड्याचा आडवा कापलेला तुकडा घेऊन भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागाच्या कार्यालयात विचारा. तिथे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे.

आणि हो, जात चुकीची निघाली म्हणून चाळीस बेटं तोडू नका. माझ्या हॅमिल्टनीने भावाच्या गोठ्याला दोनदा छप्पर दिलंय.

*

मी नववीत आहे. बांबू इतक्या वर्षांनी फुलतो तर शास्त्रज्ञांना त्याचं फूल बघायला थांबावं लागतं का? प्रयोगशाळेत लवकर फुलवता येत नाही का?
एक विद्यार्थिनी, पाषाण

तुझ्या घरापासून सायकलने जाशील इतक्या अंतरावर हे झालेलं आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, परशरामी आणि मस्कारेन्हस यांनी बांबूची इवलीशी रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवली, त्यांच्या खाद्यात नारळाचं पाणी आणि एक वाढसंप्रेरक घातलं, आणि जी रोपं रानात तीस-चाळीस वर्षांनी फुलली असती ती काही महिन्यांत बाटलीतच फुलली. त्यांनी बीसुद्धा धरलं. १९९० साली ‘नेचर’ या नियतकालिकात तो शोधनिबंध आला आणि जगभर गाजला. त्यातला एक बांबू तर आपला काटेरी कळकच होता.

यात मोठ्यांसाठीही एक गोष्ट आहे. बांबूच्या अंगात एक घड्याळ असतं आणि ते बी रुजल्या क्षणी सुरू होतं. कंद काढून दुसरीकडे लावला, फांदीची कलमं केली, तरी घड्याळ शून्यावर जात नाही. तुकडा आईच्याच वयाचा असतो. चाळीस वर्षांच्या बेटाचा कंद तुम्ही ‘नवीन रोप’ म्हणून विकत घेतलात तर ते तुमच्या शेतात पाचव्या वर्षीही फुलून मरू शकतं, आई मेली त्याच सुमारास. ऊतिसंवर्धित, म्हणजे टिश्यू कल्चरच्या, रोपांनाही हे लागू आहे, ज्या झाडापासून ती केली त्याचं वय काय होतं यावर सगळं अवलंबून. बियांचं रोप हळू वाढतं, जातीची खात्री देत नाही, भावंडांत सारखेपणा नाही, हे सगळं खरं. पण त्याचं पूर्ण आयुष्य पुढे शिल्लक असतं. म्हणून रोपं घेताना जातीचं नाव विचारता तसं मूळ बेट कधी रुजलं तेही विचारा. बहुतेक रोपवाटिकांत हा प्रश्न ऐकून तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतील. मीही अठ्ठावीस वर्षांत गिऱ्हाइकाला हे कधी आपणहून सांगितलं नाही, कबूल करते.

*

सोसायटीच्या कुंपणालगत मोठा बांबू लावावा असा ठराव आला आहे. मत द्यावं.
एक सचिव, औंध

विरोधात. जायगँटिअसच्या एका ओल्या काठीचं वजन उचलायला चार माणसं लागतात आणि वादळात ती कुंपणाच्या कुठल्या बाजूला पडेल हे ठरावात लिहिता येत नाही. आडोसाच हवा असेल तर कोकणातला माणगा पाहा. बिनकाट्याचा, भरीव, आटोपशीर. तोही भिंतीपासून दोन-तीन मीटर सोडून. त्याला बी येण्याची वाट पाहू नका, कंदापासूनच लावतात.

*

भोरजवळ आमच्या शेताच्या बांधावर कळकाची तीन बेटं आहेत, आजोबांच्या वेळची. यंदा माघापासून पानं झडली आणि सगळ्या काठ्यांवर तुऱ्यांचे झुबके आले. गावात म्हणतात बांबू फुलला की दुष्काळ येतो, तोडून टाका. आई घाबरली आहे. तोडायला परवानगी लागते का? काय करू?
एक वाचक, वारजे

आईंना आधी सांगा की गावकरी अगदीच खोटं बोलत नाहीत, फक्त गोष्ट दुसऱ्या मुलखातली आहे. मिझोराममध्ये याला मौताम म्हणतात. तिथे डोंगरच्या डोंगर ‘मुळी’ नावाच्या एकाच जातीच्या बांबूने भरलेले आहेत आणि ती जात सुमारे ४८ वर्षांनी एकदम फुलते. जमिनीवर फळांचा खच पडतो, उंदीर खाऊन खाऊन बेसुमार वाढतात, फळं संपली की भातशेतीत आणि कणगीत घुसतात. १९५८-५९ मध्ये तिथे असाच दुष्काळ पडला, पुढे त्यातून राजकारणही पेटलं. २००६-०७ च्या सुमारास पुन्हा फुलोरा आला तेव्हा सरकार आधीपासून तयारीत होतं. तीन बेटांनी असं काही होत नाही. फार तर तुमच्या बांधावर चार उंदीर जास्त दिसतील आणि त्यांच्यामागे एखादी धामण.

परवानगीचं दोन ओळींत: २०१७ साली १९२७ च्या भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. स्वतःच्या शेतातला बांबू तोडायला आणि न्यायला त्या कायद्याखाली परवाना लागत नाही.

पण तोडू नका. अजून तर अजिबात नाही. बेटं मरणार आहेतच, दया दाखवून ती वाचणार नाहीत. खत-पाणी घालून फुलोरा परतवता येतो असं सांगणारा भेटेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा. मरण्याआधी ती जे देतात ते घ्या. बेटांखालचं गवत आणि काटक्या आत्ताच झाडून काढा, कारण वाळलेला कळक आणि उन्हाळ्यातला वणवा यांची जुनी दोस्ती आहे. जमीन सारवा, नाहीतर जुनी लुगडी-चादरी अंथरा. दाणे गळायला लागले की रोज संध्याकाळी गोळा करा, रात्री उंदीर येण्याआधी. आजीच्या पिढीने हे वेळूचे तांदूळ शिजवून खाल्लेले आहेत. आईंना विचारा, चव ऐकून माहीत असेल. थोडे शिजवा, बाकीचे राखा, आणि राखायचे म्हणजे गॅसवरच्या फळीवर नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. पावसात बेटांखाली आपोआप हिरवा गालिचा उगवेल. त्यात वर्षभर गुरं सोडू नका. मेलेल्या काठ्या त्यानंतर काढल्यात तरी चालतील, कोवळ्या रोपांना त्यांची सावलीच होते.

एक विनंती. ही बेटं आजोबांनी कधी लावली, बियांची की कंदाची, कुठून आणली, हे आईंना किंवा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून वहीत लिहून ठेवा. शेजारच्या गावात त्याच वेळी आणखी कुठे कळक फुललाय का, तेही पाहा. आणि पहिले दाणे गळाले की या सदराच्या पत्त्यावर कार्ड टाका. भोर काही लांब नाही. सूप माझं मी घेऊन येईन.